‘सात लाखांत हृदय दुरुस्त’ : हो म्हणण्याआधी

वाचकाचा प्रश्न

पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते इथे थोडक्यात देते आहे.

अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या बासष्ट वर्षांच्या वडिलांना हार्ट अटॅक आला. रात्री ‘छातीत जळजळतंय’ म्हणाले, म्हणून घरात होती ती अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, गार दूध दिलं. पहाटे दरदरून घाम फुटला तेव्हा गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत आठ-नऊ तास उलटले होते. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, जीव वाचला. पण हृदयाचा पुढचा भाग नीट हलत नाही, इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे ईएफ (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा) ३० टक्के आहे, ‘आता फक्त गोळ्या’ असं सांगून घरी सोडलं. मस्कतला असलेल्या थोरल्या भावाला एका स्टेम सेल सेंटरचा व्हिडिओ मिळाला. वडिलांच्याच हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी हृदयात सोडायच्या, मेलेला स्नायू नव्याने तयार होतो, स्वतःच्याच पेशी असल्याने साइड इफेक्ट नाही, असा त्यांचा दावा. खर्च सात लाख. अटॅकनंतर तीन महिन्यांच्या आत केलं तरच उपयोग, असं सेंटरची काउन्सेलर एक दिवसाआड फोन करून सांगते. एका पेशंटचा ईएफ २८ वरून ४१ झाल्याचे दोन रिपोर्टही तिने पाठवले आहेत. भाऊ चार लाख पाठवतो म्हणतो, उरलेल्यासाठी आईचे दागिने मोडायचे. कार्डिओलॉजिस्टना विचारलं तर ते ‘त्या भानगडीत पडू नका’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. ‘पैशाकडे बघून वडिलांना वाऱ्यावर सोडलं, असं उद्या माझं मलाच वाटलं तर?’ असा बाईंचा शेवटचा प्रश्न आहे.

उत्तर

नमस्कार.

माझं मत आधीच सांगते, कारण घड्याळ लावून कुणीतरी तुमच्या मागे लागलंय. हे सात लाख तिथे देऊ नका. दागिनेही मोडू नका. हे तुमच्या दादाच्या आणि आईच्या गळी उतरायचं तर त्यामागची कारणं तुमच्याकडे हवीत, म्हणून जरा लांबण लावते.

सुरुवात त्या दोन रिपोर्टांपासून करते, कारण पत्रावरून वाटतं की तुमचं मन हललंय ते त्यांनीच. २८ चा ४१ झाला, आकडा छापलेला आहे, खाली सही आहे. मग अविश्वास कशाला दाखवायचा?

हार्ट अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटतो तेव्हा त्या भागातले काही स्नायू मरतात, पण सगळे मरत नाहीत. काही नुसते बधिर होतात. जिवंत असतात, आकुंचन पावत नाहीत. त्या दिवसांत एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली की मेलेले आणि बधिर दोन्ही सारखेच निपचित दिसतात, आणि ईएफ आहे त्यापेक्षा वाईट येतो. रक्तवाहिनी उघडली, औषधं सुरू झाली, की पुढच्या काही आठवड्यांत बधिर स्नायूंपैकी बरेच कामाला लागतात. म्हणूनच कार्डिओलॉजिस्ट अटॅकच्या आठवड्यातला ईएफ अंतिम धरत नाहीत. मोठे निर्णय घेण्याआधी अटॅकपासून किमान चाळीस दिवस, आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर तीन महिने थांबून पुन्हा एको करायचा, असा शिरस्ता आहे. आता सेंटरचं वेळापत्रक बघा. अटॅकनंतर तीन महिन्यांच्या आत पेशी सोडायच्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा एको काढायचा. हृदय आपलं आपण जेवढं सावरतं, तेवढं सगळं त्यांच्या खात्यावर जमा होतं.

दुसरी गोष्ट एकोची. वडिलांच्या वेळी तुम्ही खोलीत होतात का माहीत नाही. अंधाऱ्या खोलीत पेशंटला डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला जेल लावून प्रोब फिरवतात, पडद्यावर करड्या रंगाचं हलतं चित्र दिसतं. त्यातल्या डाव्या कप्प्याची आतली कड करसरने आखायची, एकदा तो पूर्ण फुगलेला असताना आणि एकदा पूर्ण आकुंचलेला असताना. त्या दोन आकारमानांवरून टक्केवारी निघते. ही कड प्रत्येक पेशंटमध्ये स्वच्छ दिसतेच असं नाही. फुप्फुसाची हवा आड येते, बरगडी आड येते. एकाच माणसाचा एको त्याच दिवशी दोघांनी केला तरी पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो, आणि त्यात कुणाचीही लबाडी नसते. आखणारा हात तुम्हाला सात लाखांचं पॅकेज विकणाऱ्याचाच असेल, तर तो किती निर्मळ राहील याची खात्री मी देऊ शकत नाही.

मग पेशींचा गुण आला की काळाचा आणि गोळ्यांचा, हे ओळखायचं कसं? त्यासाठी सारख्याच अवस्थेतले बरेच रुग्ण घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला पेशी द्यायच्या, दुसऱ्याला द्यायच्या नाहीत, आणि एको वाचणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे कळू द्यायचं नाही. हे सगळं झालेलं आहे, आपल्या देशातसुद्धा. भारतातल्या पाच मोठ्या रुग्णालयांनी मिळून २५० रुग्णांवर अशी चाचणी केली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेशी अटॅक आलेल्या रुग्णाच्याच मगजातल्या, म्हणजे तुम्हाला विकल्या जाताहेत त्याच जातीच्या. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचा ईएफ सरासरी पाचेक अंकांनी वाढला होता. दोन्ही गटांचा. ज्यांना पेशी मिळाल्याच नाहीत त्यांचाही. त्या दुसऱ्या गटातल्या एखाद्याचे आधीचे-नंतरचे रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून व्हिडिओ केला असता, तर तोही तुमच्या दादाला तितकाच पटला असता.

ही कल्पनाच भंपक होती असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यामागे खूप मोठी आशा होती आणि भल्या माणसांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. माणसाचं हृदय स्वतःला फारसं नव्याने घडवत नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग घेऊन स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं, की पंचविशीत हृदयाच्या स्नायुपेशी वर्षाला जेमतेम १ टक्का बदलतात आणि पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मोठ्या अटॅकमध्ये अब्जाच्या घरात पेशी जाऊ शकतात आणि तिथे व्रणाची कडक पट्टी तयार होते. २००१ मध्ये अमेरिकेतून बातमी आली, की उंदराच्या मगजातल्या पेशी टोचल्यावर हृदयाचा स्नायू नव्याने उगवला. तेव्हा जग हरखलं यात नवल नाही. पुढच्या काही वर्षांतच माणसांवर प्रयोग सुरू झाले. जर्मनीतल्या एका चाचणीत सुरुवातीला फरक दिसला, पण दीड वर्षाने दोन्ही गट जवळपास एका पातळीवर आले होते. २००६ च्या दुसऱ्या, २०४ रुग्णांच्या चाचणीत पेशी घेतलेल्यांचा ईएफ साडेपाच अंकांनी वाढला आणि न घेतलेल्यांचा तीन. अडीच अंकांचा हा फरक. तोही पुढच्या चाचण्यांमध्ये टिकला नाही.

मधल्या काळात त्या मूळ बातमीचाच पाया ढासळला. २००४ मध्ये दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी तोच उंदरांचा प्रयोग करून पाहिला. त्यांना हृदयात गेलेल्या पेशी रक्ताच्याच पेशी बनलेल्या दिसल्या, स्नायू बनलेला दिसला नाही. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ही लाट उठली त्या पिएरो अँव्हर्सा यांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्यांच्याच रुग्णालयाने केली, कारण त्यांतली माहिती खोटी किंवा फिरवलेली होती. हे वाचताना मला आजही चीड येते. या लाटेवर विसंबून कितीतरी आजारी माणसं विश्वासाने प्रयोगांना सामोरी गेली होती.

२०१५ मध्ये तोवरच्या ४१ चाचण्या, मिळून २७०० हून अधिक रुग्ण, एकत्र तपासले गेले. मगजातल्या पेशींनी मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. युरोपात याच प्रश्नाचा निकाल लावायला तीन हजार रुग्णांची चाचणी ठरली, पण ३७५ च मिळाले, आणि २०२० मध्ये तीही काही सिद्ध न करता आटोपली. दात्याच्या पेशी वापरून हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद कमी पडलेल्या, पाचशेहून जास्त रुग्णांवर केलेली मोठी चाचणी २०२३ मध्ये छापून आली. तिथेही हार्ट फेल्युअर बळावण्याचे प्रसंग कमी करण्याचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. वीस वर्षं एवढी माणसं एवढ्या ठिकाणी जे शोधत होती, ते तुमच्या काउन्सेलरच्या सेंटरला सापडलं असतं तर ते व्हॉट्सॲपवरून कळलं नसतं.

तुमचा दादा कदाचित विचारेल, ‘मग ब्लड कॅन्सरमध्ये बोन मॅरो चालतं ते कसं?’ रास्त शंका आहे. मगजातल्या त्या पेशींचं काम रक्त बनवणं हे आहे, आणि ब्लड कॅन्सरमध्ये त्यांच्याकडून तेच करवून घेतात. हृदयात सोडल्यावर त्यांच्याकडून भलत्याच कामाची अपेक्षा असते. शिवाय रक्तवाहिनीतून सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक काही तासांतच तिथून वाहून जातात.

‘स्वतःच्याच पेशी, म्हणजे साइड इफेक्ट नाही’ हे दुसरं गृहीत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने तीन वयस्क बायकांच्या पोटाची चरबी काढून तिच्यातल्या पेशी त्यांच्याच डोळ्यांत टोचल्या. तिघींचीही दृष्टी गेली. २०१७ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं. प्रत्येकीने पाच हजार डॉलर मोजले होते, आणि निदान एकीला तरी आपण सरकारी यादीत नोंदलेल्या संशोधनात भाग घेतोय असं वाटत होतं. पेशी स्वतःच्या असल्या तरी काढणं, धुणं, साठवणं, टोचणं दुसऱ्याच्या हातात असतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत धोका आणखी नेमका आहे. स्टेंट बसून तीनच महिने होताहेत, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असणार. कमरेच्या हाडातून मगज काढताना रक्तस्राव नको म्हणून कुणी ‘पाच दिवस त्या गोळ्या बंद ठेवा’ म्हणालं, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा अटॅक येऊ शकतो. स्टेम सेलचं सोडा, दात काढायचा असला तरी या गोळ्या कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत. हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगते आहे.

कायद्याची बाजूही दादाला कळू दे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या आणि तत्सम ठरावीक विकारांसाठी केलं जाणारं मगज-पेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा रुग्णांवरचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. हृदय त्या अपवादात येत नाही. तेव्हा सेंटरला फोनवर एवढंच विचारा : ही चाचणी आहे की उपचार? उपचार म्हणाले, तर त्याला मान्यता नाही. चाचणी म्हणाले, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक, औषध महानियंत्रकांची परवानगी आणि एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र व्हॉट्सॲपवर मागा. खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, आणि इजा झाली तर भरपाईची तरतूद असते. नुसता क्रमांक मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तो उघडून आजार, रुग्णालय आणि तारीख जुळते का ते बघा. हृदयरोग बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तक्रार करावीशी वाटली तर अन्न व औषध प्रशासन आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद अशी दोन दारं आहेत. आत्ता ती ताकद नसेल तर व्हिडिओ आणि मेसेज निदान जपून ठेवा.

आता ‘फक्त गोळ्या’. तुमच्या पत्रातल्या याच दोन शब्दांवर मी सगळ्यात जास्त अडखळले. डॉक्टरांनी घाईत म्हटले असतील, पण घरात त्यांचा अर्थ ‘आता काही करण्यासारखं उरलं नाही’ असा लागला, आणि त्या रिकाम्या जागेत सेंटर येऊन बसलं. वस्तुस्थिती उलटी आहे. ईएफ कमी झालेल्या हृदयासाठी आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात : सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा त्याच कुळातली गोळी, मेटोप्रोलोल, कार्व्हेडिलोल किंवा बिसोप्रोलोलसारखं बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यांतल्या सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची २०१४ ची चाचणी आठ हजारांहून जास्त रुग्णांवर झाली. आधीच्या चांगल्या औषधाशी तुलना करूनसुद्धा हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने दवाखान्यात भरती होणं पाचव्या हिश्श्याने कमी झालं. डापाग्लिफ्लोझिनच्या २०१९ च्या चाचणीत हार्ट फेल्युअर बळावणं किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येणं २६ टक्क्यांनी घटलं. स्टेम सेलवाल्यांना वीस वर्षांत जे दाखवता आलं नाही, ते या गोळ्यांनी दाखवलंय. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं आणि २०२३ मध्ये सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचं पेटंट आपल्याकडे संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्याही बऱ्याच स्वस्त झाल्या.

म्हणून पुढच्या भेटीला वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना विचारा : या चार गटांतलं कुठलं चालू नाही, आणि का नाही? चालू आहेत त्यांचा डोस आणखी वाढवता येईल का? ही औषधं कमी मात्रेवर सुरू करून दर थोड्या आठवड्यांनी वाढवत न्यायची असतात. आपल्याकडे अनेक पेशंट डिस्चार्ज कार्डावरच्या पहिल्याच डोसवर वर्षानुवर्षं राहतात, कारण कुणी विचारत नाही. काही वेळा बीपी, किडनी किंवा पोटॅशियममुळे वाढवता येत नाही. तसं असेल तर डॉक्टर सांगतील. ‘शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?’ म्हणून डापाग्लिफ्लोझिन परस्पर बंद केलेली घरं आहेत. ती गोळी मधुमेह नसलेल्या हृदयालाही उपयोगी पडते, म्हणूनच लिहून दिलेली असते. वरचं बीपी शंभरापर्यंत उतरलं म्हणून घाबरून गोळी टाळायची हा दुसरा नेहमीचा प्रकार. चक्कर येत नसेल तर आधी फोन करून विचारायचं.

एकोची तारीख ठरली आहे का? नसेल तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, अँजिओप्लास्टीला तीन महिने पूर्ण झाल्यावरची घ्या. शक्यतो पहिला एको झाला तिथेच करा. आकडा वर आला तर सेंटरच्या घड्याळातली हवाच निघून जाईल. पूर्ण उपचारांनंतरही तो ३५ किंवा त्याखालीच राहिला, तर डॉक्टरांशी आयसीडी या यंत्राबद्दल बोला. कमकुवत, व्रण पडलेल्या हृदयात ठोक्यांची लय एकाएकी बिघडून मृत्यू येण्याचा धोका असतो. हे यंत्र अशी लय ओळखून झटका देतं आणि जीव वाचवतं. त्याला काही लाख लागतात. तुमच्या घरातली ताकद मर्यादित आहे. ती आज सेंटरवर खर्च झाली आणि दोन महिन्यांनी खरोखरीच यंत्राची गरज लागली, तर पुन्हा हात पसरायला कुणाकडे जाणार? दादाला हा मुद्दा सांगा. मला वाटतं, बाकी सगळ्या युक्तिवादांपेक्षा हा त्याला लवकर पटेल, कारण यात त्याच्या पैशांना काम आहे.

रोजच्या गोष्टी तुम्हाला माहीत असतील, तरी लिहिते. सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन करायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायांवर सूज आली किंवा रात्री आडवं झाल्यावर धाप लागून उशी वाढवावी लागली, तर वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. लोणचं, पापड, वरून मीठ बंद. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणायचं नाही. शरीरात पाणी साठवून या गोळ्या हृदयाचा घात करतात. तंबाखू, मिसरी काही असेल तर ती सोडवायला मदत घ्या. वर्षातून एकदा फ्लूची लस. आणि चालणं, डॉक्टरांनी घालून दिलेल्या मापात, हळूहळू वाढवत. साताऱ्यात किंवा पुण्यात कार्डियाक रिहॅब चालवणारं केंद्र आहे का, हेही डॉक्टरांना विचारा. व्यायामाच्या अशा देखरेखीने दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात हे पुराव्यानिशी सिद्ध झालेलं आहे, आणि त्याला दागिने मोडावे लागत नाहीत.

विज्ञान इथेच थांबलेलं नाही, हे दादाला जरूर सांगा. त्याची आशा चुकीच्या दारात उभी आहे, एवढंच. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये साध्या पेशींना मागे नेऊन मूळ पेशींसारखं बनवायची रीत शोधली आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा पेशींपासून प्रयोगशाळेत खरोखर धडधडणारा हृदयाचा स्नायू तयार करता येतो. ओसाकात जानेवारी २०२० मध्ये अशा स्नायूचा पातळ पापुद्रा पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयावर लावला. जर्मनीत गॉटिंगनच्या चमूने एका ४६ वर्षांच्या बाईच्या हृदयावर चाळीस कोटी पेशींचं ठिगळ शिवलं. तीन महिन्यांनी तिला दात्याचं हृदय मिळालं आणि जुनं हृदय तपासलं, तेव्हा ठिगळातल्या पेशी जिवंत होत्या, असं जानेवारी २०२५ मध्ये छापून आलं. ते वाचून मला मनापासून आनंद झाला. पण ही अजून मोजक्या माणसांवरची पावलं आहेत. दुसऱ्याच्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि माकडांवरच्या प्रयोगांत ठोक्यांची लय बिघडल्याचंही दिसलंय. हाडातला मगज काढून दुपारपर्यंत हृदयात सोडणाऱ्या सेंटरचा या कामाशी संबंध नाही. नाव सारखं आहे म्हणून गल्लत होऊ देऊ नका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते.

पत्रात तुम्ही ती रात्र सविस्तर लिहिली आहे. गोळी कुठली दिली, दूध किती वाजता दिलं, हेसुद्धा. दादाच्या चार लाखांबद्दल मात्र एकच ओळ आहे. त्या आठ तासांची भरपाई करायला तुम्ही निघाला आहात, असं मला वाचताना वाटलं, आणि कदाचित दादाही त्या रात्री घरी नसल्याची भरपाई करतो आहे. अटॅकचं दुखणं अनेकदा अगदी पित्तासारखं वाटतं. शिकल्या-सवरल्या घरांत, डॉक्टरांच्या घरांतसुद्धा ते ओळखू येत नाही. तुम्ही तुमच्या समजुतीप्रमाणे त्यांची सेवाच करत होतात. त्या रात्रीचं ओझं तुम्ही सात लाख देऊन उतरवायला गेलात, तर ते उतरणार नाही आणि आईच्या अंगावरचं सोनं मात्र जाईल. दादाशी बोलताना आकड्यांच्या आधी हे बोला. ‘दादा, मलाही त्या रात्रीचं वाटतं’ असं म्हणालात तर तोही मोकळा होईल. मग त्याला काम द्या : आयसीडीसाठी वेगळे ठेवायचे पैसे, महिन्याची औषधं, आणि सुट्टी काढून यायचं असेल तर एकोच्या तारखेला यायचं, म्हणजे डॉक्टरांना जे विचारायचं ते तो स्वतः समोर बसून विचारेल.

आणखी एक. पूर्ण पत्रात वडिलांचं स्वतःचं एकही वाक्य नाही. त्यांना सेंटरबद्दल सांगितलंय का? ईएफ किती आहे ते माहीत आहे का? घाबरतील म्हणून आपण लपवतो, पण हृदय त्यांचं आहे आणि सुई त्यांच्याच कमरेत जाणार आहे. शांतपणे बसून विचारा. त्यांना काय करावंसं वाटतं, कशाची भीती वाटते, कुठली गोष्ट पुन्हा करता यावी असं वाटतं. शेतापर्यंत चालत जाणं असेल, नातवाला शाळेत सोडणं असेल. ते कळलं की डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही बदलतील.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत वाटेला लावलं याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते साहजिक आहे. त्यांचा सल्ला बरोबर होता, पण सांगायची रीत बरोबर नव्हती. पुढच्या वेळी प्रश्न कागदावर लिहून न्या आणि आधीच सांगा, ‘डॉक्टर, आज मला दहा मिनिटं हवी आहेत.’ गर्दीच्या ओपीडीत जमत नसेल तर वेगळी वेळ मागा. तरीही समाधान झालं नाही तर दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टचं मत घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

काउन्सेलरचा फोन परवा पुन्हा येईल. ‘तीन महिन्यांचा एको झाल्याशिवाय आम्ही काही ठरवणार नाही’ एवढं एकच वाक्य बोला आणि फोन ठेवा. अ‍ॅडव्हान्स म्हणून पाच हजारसुद्धा पाठवू नका.

एको झाला की आकडा मला जरूर कळवा. ३५ च्या खालीच राहिला आणि आयसीडीचा विषय निघाला, तर त्याचा खर्च, कोणत्या सरकारी योजनेत किती बसतं आणि ते यंत्र घेऊन माणूस पुढे कसा जगतो, यावर मी याच सदरात सविस्तर लिहीन.